धोंड्याशेजारचं घर



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून दलित आत्मकथनांपर्यंत मोठमोठे विषय होऊन गेले आहेत. मी आयुष्यभर एका कारखान्यात हिशेब लिहिले. तेव्हा माझ्याकडून साहित्यविचाराची अपेक्षा तुम्ही ठेवली नसणारच. मी आज दोन गोष्टींचा हिशेब मांडणार आहे. एक माझ्या अंगणाचा आणि दुसरा रोजच्या जाण्यायेण्याचा. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहायला हवे होते, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता शहराच्या पश्चिमेला घरं घेताहेत, म्हणून हा विषय निवडला.

आधी जमिनीबद्दल. आपली बहुतेकांची घराणी नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद या बाजूची, काही बिदर-गुलबर्ग्याकडची. कोणी नोकरीसाठी आलं, कोणी वकिलीसाठी, कोणी शिक्षणासाठी येऊन राहिलं. येताना भाषा आणली, गौरी-गणपती आणले, गोडा मसाला आणला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट नकळत आणली, ती म्हणजे काळ्या मातीची सवय. मनमाडच्या गाडीने तुम्ही कितीदा तरी आला असाल. निजामाबाद मागे पडून गाडी कामारेड्डीच्या बाजूला लागली की खिडकीत पाहा. माती लाल होते आणि शेतांमधून गोल गोल धोंडे दिसू लागतात, एकावर एक ठेवल्यासारखे. तिकडचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इकडचा ग्रॅनाइट जवळपास अडीचशे कोटी वर्षांचा. आपण थोरल्या खडकाच्या घरी राहायला आलेली धाकटी मंडळी आहोत.

हे धोंडे कोणी रचलेले नाहीत. जमिनीखाली असतानाच ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या चिरा पडतात, चिरांतून पाणी झिरपतं, कडा-कोपरे कुजून त्यांचा मुरूम होतो. मधला टणक गाभा तेवढा गोल होत राहतो. मग पाऊस तो मुरूम धुऊन नेतो आणि गाभे उघडे पडून एकमेकांवर टेकतात. तेलुगूत अशा गोल धोंड्याला गुंडू म्हणतात, सपाट खडकाला बंडा आणि टेकडीला गुट्टा. आपल्याकडेही कातळ, खडक, शिळा, धोंडा असे शब्द आहेत. पण गोल धोंड्यावर दुसरा गोल धोंडा तोलून उभा असतो, त्या रचनेला आपल्याकडे शब्द नाही. ज्यांच्या गावी ती नव्हतीच त्यांनी शब्द कशाला करावा?

काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पण खाली ओल असते. इथली लाल माती, जिला इथले शेतकरी चल्का म्हणतात, ती पाणी पिते आणि सोडून देते. खाली खडक, त्याच्या चिरांत सापडेल तेवढंच पाणी. वर्षाला पाऊस ८० सेंटीमीटरच्या आसपास, तोही बराचसा जून ते सप्टेंबरात आणि बहुधा घाईने पडणारा. अशा जागी काळ्या मातीतल्या माणसाने बाग करायला घेतली की काय होतं, ते माझ्यावरून सांगतो.

आमचं घर बडी चौडीला. दोन खोल्या, सामाईक नळ, खाली गल्ली. माझा कारखाना पटनचेरूच्या बाजूला. १९७८ साली लागलो. सकाळी सव्वासहाला काचीगुड्याच्या चौकात कंपनीची बस यायची. नामपल्ली, लकडी का पूल, खैरताबाद, पंजागुट्टा, अमीरपेट, एर्रागड्डा, कुकटपल्ली, मियापूर, लिंगमपल्ली. एका बाजूला दीड तास. कुकटपल्ली सुटली की शहर संपायचं आणि दोन्हीकडे धोंडेच धोंडे. पहिल्या वर्षी मी ते पाहिले, दुसऱ्या वर्षी पेपर वाचला आणि तिसऱ्या वर्षापासून झोपलो. पंधरा वर्षं रोज तीन तास, वर्षाला कामाचे २८० दिवस. हे १२,६०० तास होतात, म्हणजे सव्वापाचशे अहोरात्र. जवळजवळ दीड वर्ष मी त्या बसमध्ये मान टाकून काढलं.

म्हणून १९८८ मध्ये लिंगमपल्लीच्या पलीकडे प्लॉट घेतला. शेजारच्या प्लॉटपेक्षा स्वस्त मिळाला, कारण मधोमध दोन पुरुष उंचीचा धोंडा होता. विकणारा म्हणाला, वडारांना बोलवा, आठ दिवसांत सपाट करून देतील. मी बोलावलं. मेस्त्री धोंड्याभोवती दोनदा फिरला, हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि आकडा सांगितला. तो प्लॉटच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होता. त्याचंही चूक नव्हतं. सपाट बंड्यावर जाळ करून खडक तापवता येतो, त्याचे पापुद्रे सुटतात. मग भोकांची रांग पाडून पाचरा ठोकल्या की दगड सरळ रेषेत फुटतो. पण गोल, बिनचिरेच्या गुंडूला हे सहज लागू पडत नाही. पैसे नव्हते, धोंडा राहिला. निसर्गप्रेमाचा यात काही संबंध नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली घरी येणारे लोक माझं कौतुक करतात.

१९९३ मध्ये राहायला गेलो. धोंडा टाळून एका बाजूला घर बांधलं आणि समोरच्या मोकळ्या जागेत लॉन लावलं. त्या काळी घर म्हटलं की लॉन हवंच, अशी माझी समजूत होती. शहरातून चार ट्रक काळी माती मागवली. हो, काळीच! मुरमावर ती पसरून गवताचे तुकडे टोचले, कडेने गुलाब लावले. पहिल्या उन्हाळ्यात बोअर आटली. दुसरी दुप्पट खोल घेतली. तिला पाणी लागलं ते एका चिरेत, आणि मार्चमध्ये तीही घरघरू लागली. एप्रिल-मेमध्ये दर चार दिवसांनी टँकर. आम्ही प्यायचं पाणी मोजून वापरत होतो आणि गवताला पाइप लावत होतो.

आता दुसरी वही उघडतो. माझा प्रवास वीस मिनिटांवर आला. पण आमच्या मंडळींची शाळा सुलतान बाजारच्या बाजूला. ती सोडणं परवडणारं नव्हतं आणि तिला सोडायचीही नव्हती. दोन बस बदलून जायचं. पुढे लोकल सुरू झाली, लिंगमपल्लीहून थेट काचीगुडा. पण स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची चाल धरून वेळ फारसा वाचला नाही. जाऊन-येऊन साडेतीन तास, वर्षाला २२० दिवस, अठरा वर्षं. हा आकडा मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी काढला. १३,८६० तास. माझ्यापेक्षा जास्त. मी माझं दीड वर्ष वाचवलं ते तिच्या खात्यातून, आणि वर व्याजही लावलं. आकडा तिला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही विचारलं नव्हतं."

आणि तिसरं खातं नानांचं. माझे वडील शिक्षक होते, तेव्हा निवृत्त. बडी चौडीला असताना रोज संध्याकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन वर्तमानपत्र वाचणं, परत येताना दोन ओळखीच्या दारांशी थांबणं, हा त्यांचा दिवस होता. नव्या घरून ते महिन्यातून एकदा जायचे, मी सुट्टीच्या दिवशी नेलं तर. एरवी आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर, मुलं कॉलेजात, आणि नाना दिवसभर एकटे. बागेला पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आलं. आलं म्हणजे मी दिलं. १९९७ च्या मे महिन्यात भर दुपारी टँकर आला, त्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते पाइप ओढायला गेले, पाय अडकला आणि पडले. मनगट मोडलं. शेजारच्या अम्मांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला कारखान्यात निरोप पोचला तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं.

त्या दिवसापासून लॉनला पाणी बंद. ठरवून घेतलेला तो निर्णय नव्हता. पाणी घालणारं कोणी उरलंच नाही, एवढंच. पंधरा दिवसांत गवत वाळून चटईसारखं झालं, गुलाब गेले. माझ्या मनात फार होतं की हे उजाड दिसतं, लोक काय म्हणतील.

मृगात पाऊस झाला. तुम्ही ग्रॅनाइटवर पडणारा पाऊस पाहिला असेल. मुरत नाही, घरंगळतो. आमच्या धोंड्यावरून आलेलं सगळं पाणी त्याच्या पायथ्याशी एका पट्ट्यात उतरत होतं, आणि चार वर्षं ते मी नाली काढून रस्त्यावर सोडत होतो, लॉन सडू नये म्हणून! नानांनी एका हाताने, प्लास्टर होतं ना, पायाने दगड सरकवत सरकवत ती नाली बुजवली. पाणी पायथ्याशी साचलं आणि दोन दिवसांत जिरलं. जुलैत तिथे जे उगवलं त्याची त्यांनी वही केली. डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं आहेत, शाळकरी पोराची वाटावीत अशी. सीताफळाची तीन रोपं. तरवड. कुरडू. कुसळी गवत, त्याच्यापुढे कंसात "धोतराला चिकटतं". कडुनिंबाचं एक रोप, कावळ्याची कृपा. पुढच्या वर्षी शमी, बोर, आणि ज्याचं नाव त्यांना सापडलं नाही असं एक. त्या ओळीपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

मी तेव्हा हे सगळं झाडोरा समजत होतो. फरक पडला तो अम्मांमुळे. भाद्रपदाच्या शेवटी त्या दोन पोरींना घेऊन आल्या, बतुकम्माची फुलं मागायला. त्यांना तंगेडू हवं होतं आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे आपलं तरवड, गुनुगू म्हणजे कुरडू. रस्त्याकडेची तोडून संपली होती, आमच्याकडे अंगणभर पिवळं होतं. त्या दिवशी नानांना, माणसं दारी येतात तो आनंद चार वर्षांनी मिळाला. पुढे तो रिवाजच पडला. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, इथले लोक जम्मीचं म्हणजे शमीचं. आमच्या शमीची पानं आमच्याच घरी वाटायला यायची, आणि नाना पुस्तकांच्या कपाटात जपून ठेवलेली आपट्याची पानं बदल्यात द्यायचे. पुढे २०१४ मध्ये तेलंगण झालं आणि तंगेडू हे राज्यफूल, जम्मी हा राज्यवृक्ष, पालपिट्टा म्हणजे नीळकंठ हा राज्यपक्षी ठरला. तिन्ही आमच्या अंगणात होते. हे बघायला नाना नव्हते, ते २००४ मध्ये गेले.

आता तुम्ही म्हणाल, धोंडा ठेवून घर बांधणं ही काय नवी गोष्ट सांगतो. खरंच नवी नाही. बंजारा हिल्सवर मेहदी नवाज जंग यांनी, जे पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झाले, खडकांच्या कुशीत घर बांधलं तेव्हा तो भाग शहराबाहेरचं रान होता. १९३३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर हैदराबादला आले तेव्हा तिथे त्यांच्याकडे राहिले होते. नंतरच्या काळात सनदी अधिकारी नरेंद्र लूथर यांनी आपल्या घरात खडक तसाच राखला, दिवाणखान्यात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या खडक वाचवणाऱ्या संस्थेचं काम त्यांनी पुढे अनेक वर्षं केलं. काही खडकसमूह शहराच्या वारसा यादीत आले ते अशा लोकांच्या चिकाटीमुळे. हैदराबाद विद्यापीठाचा परिसर, चिराण महालाभोवतीचं राष्ट्रीय उद्यान, दुर्गम चेरुवूची कड इथे अजूनही तुम्हाला मूळची जमीन पाहायला मिळते. २०२५ च्या मार्चअखेरीस विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीतल्या ४०० एकरांवर बुलडोझर चालले, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबवलं, हे तुम्ही वाचलं आहेच.

पण मेहदी नवाज जंगांच्या घरात आणि आपल्या घरात एक फरक आहे. तिथे माळी होते. तुमच्या मुलाकडे माळी नाही. तो सकाळी आठला निघतो, रात्री आठला येतो. सायबर टॉवर्स १९९८ मध्ये उभे राहिले तेव्हा आपल्याला वाटलं, नोकऱ्या जवळ आल्या. नोकऱ्यांच्या मागे घरं गेली, घरांच्या किमती वाढल्या, तशी ती आणखी लांब गेली. २०१९ मध्ये मेट्रो रायदुर्गपर्यंत पोचली तेव्हा घरं कोल्लूर-तेल्लापूरला पोचलेली होती. ज्या धोंड्यांमधून माझी बस जायची ते क्रशरमध्ये जाऊन खडी झाले आणि त्यांच्याच काँक्रीटचे मनोरे आता त्याच जागी उभे आहेत. त्या घरांसमोरही लॉनच आहे. ते टँकरवर जगतं, आणि टँकरही त्याच रस्त्यावर त्याच गर्दीत अडकतो.

म्हणून मी हे दोन हिशेब एका वहीत लिहा म्हणतो. ज्याच्या दिवसाचे तीन तास रस्त्यावर जातात त्याला रोज पाणी मागणारी बाग करण्याचा अधिकारच नाही. ती बाग तो करत नाही, घरी राहिलेलं माणूस करतं, आणि ते बहुधा म्हातारं असतं किंवा पगारी असतं. या जमिनीची झाडं आठवड्यातून एकदा पाहिलीत तरी चालतं, कारण ती तुमच्या भरवशावर उगवलेलीच नसतात.

याचा अर्थ काहीच करायचं नाही असा घेऊ नका. ती चूकही मी केली. नानांच्या नंतर दोन वर्षं अंगणाकडे पाहिलं नाही, तर घाणेरी, गाजरगवत आणि सुबाभूळ यांनी निम्मी जागा खाल्ली. ती उपटायला पूर्ण पावसाळा लागला. ही तिन्ही परकी आणि आगाऊ आहेत. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हाच मुळासकट निघतात, नुसती कापली तर दुप्पट होतात. गवत दिवाळीनंतर दाणे गळले की कापा, उभं ठेवलंत तर एप्रिलमध्ये एका विडीने पेटेल. कापलेलं जाळू नका, झाडांच्या बुडाशी पसरा, ओल धरून राहते. उतारावर वाहत्या पाण्याला आडव्या अशा दगडांच्या ओळी ठेवा, वीतभर उंच पुरे, दोन पावसाळ्यांत त्यांच्या मागे माती साठते. गच्चीचं पाणी बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडा. आमची दुसरी बोअर आता मेपर्यंत पाणी देते. आम्हा दोघांची गरज कमी आहे हेही त्याचं कारण आहे, सगळं श्रेय खड्ड्याला देत नाही. खडकाच्या खळग्यात पाणी आठवडाभर राहिलं तर डास होतात, ते काढून टाका. आणि साप येतात. धामण येते, एकदा नाग आला होता. रात्री टॉर्च घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. घरात रांगतं मूल असेल तर दारापुढची दहा फूट जागा फरशीची ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आमच्या मुलीने गेल्या वर्षी नल्लगंडल्याला फ्लॅट घेतला, सातव्या मजल्यावर. तिचं ऑफिस बदललं आणि आता ते उप्पलच्या बाजूला आहे, शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. मी तिला आकडे काढून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, मी आठवड्यातून दोनच दिवस जाते, बाकी घरून." मग मी गुणाकार पुन्हा केला. अजूनही बराच येतो, पण आईपेक्षा पुष्कळ कमी. तिच्या बाल्कनीत तिने आमच्याकडची तरवडाची दोन रोपं नेऊन लावली होती. एक गेलं. तरवडाचं मूळ खोल जातं, त्याला कुंडी सोसत नाही. दुसरं आहे, पण फुललेलं नाही.

नानांच्या वहीतलं प्रश्नचिन्हाचं झाड आता पंधरा फूट आहे. दोन-चार वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पान चुरून वास घेतला आणि वावळ म्हणून सांगितलं. नाव मी वहीत लिहिलं, प्रश्नचिन्ह खोडलं नाही.

सीताफळांचे डोळे यंदा लवकर उघडायला लागले आहेत. पाऊस आधी थांबला म्हणून असेल. तीन झाडांची फळं आम्हा दोघांना संपत नाहीत, पाखरांचा वाटा जाऊनही उरतात. ज्यांना हवी असतील त्यांनी काचीगुड्याहून लोकल घ्यावी आणि लिंगमपल्लीला उतरून फोन करावा, मी स्टेशनवर घ्यायला येईन. रविवारी गाड्या कमी असतात, वेळ पाहून निघा. येताना पिशवी आणा.